उदबत्ती लावा, माणसं मेली

उदबत्तीचा वास आला की मी अजून ताठ उभा राहतो. बायको सकाळी देवापाशी उदबत्ती लावते आणि मी दाढी करता करता दोन्ही हात खाली सोडून उभा राहतो. लग्नानंतर बरेच दिवस तिला ते भक्तीचं लक्षण वाटत होतं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. भक्तीबिक्ती काही नाही. चौधरी मॅडमनी लावलेली ती सवय आहे, आणि ऑफिस बंद पडलं तरी सवय काही गेली नाही.

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात एका कापडदुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. जिना अरुंद, उभा आणि भर दुपारीही काळोखा. वर एक लांबट हॉल, त्यात आमची टेबलं, आणि टोकाला काचेची केबिन. तिच्यात आमचे मालक बसत. त्यांना सगळे भैय्याजी म्हणत. भैय्याजींनी कुठून कसं मिळवलं देव जाणे, पण काम मोठं अजब होतं. परदेशात स्वतःचं छोटं विमान उडवणारी हौशी माणसं असतात. ती मांडीवर ई-रीडर ठेवून विमान चालवतात, कारण त्याचा पडदा कागदासारखा असतो, उन्हातही वाचता येतो आणि बॅटरी पटकन उतरत नाही. त्या ई-रीडरवर विमानतळांचे नकाशे आणि कागदपत्रं बसवून द्यायची, हे आमचं काम. धावपट्टी किती लांब, कोणत्या बाजूनं उतरायचं, डोंगर कुठे, टॉवर किती उंच, रेडिओवर कोणाला हाक मारायची, इंधन कुठे मिळतं, सगळं त्यात असे.

मूळ पानं मोठी आणि रंगीत असत. ई-रीडरचा पडदा वहीच्या पानाएवढा आणि काळापांढरा. लाल डोंगर आणि हिरवं रान तिथे एकाच राखाडी रंगाचं दिसतं. म्हणून आम्ही रेघा जाड-बारीक करून, ठिपके टाकून डोंगर पुन्हा डोंगर करायचो. पानाचे तुकडे पाडून ते क्रमानं लावायचो. दर चार आठवड्यांनी नवी पानं येत आणि जुनी फेकावी लागत, कारण मधल्या काळात कुठे नवा टॉवर उभा राहिलेला असे, कुठे धावपट्टीचा तुकडा बंद झालेला असे. जुनं पान आणि नवं पान बघायला सारखंच. फरक कोपऱ्यातल्या फिकट तारखेचा.

हे सगळं झालं की पान चौधरी मॅडमकडे जाई. त्यांनी ‘पास’ म्हटल्याशिवाय एकही पान बुऱ्हाणपुराबाहेर जात नसे.

मॅडम आधी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. बुटक्या, गोऱ्या, इस्त्रीच्या सुती साडीतल्या. केळ्यांच्या या मुलखात राहून केळं चमच्यानं खाणारी मी पाहिलेली ती एकमेव बाई. दुपारी डब्याच्या झाकणात केळ्याच्या सारख्या चकत्या करायच्या आणि एकेक चमच्यानं उचलायची. एखादी चकती जाड निघाली तर ती शेवटी, नाखुशीनं. बोलणं छापील. आमच्यातलं कोणी ‘मले’ म्हटलं की त्या थांबवायच्या, ‘मला’ म्हणवून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, “आता सांग. तेवढ्यात विमान डोंगरापाशी आलं आहे.”

त्यांची तपासायची पद्धत जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पान तयार झालं की मॅडम पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन उभ्या राहायच्या. मूळ पान त्यांनी आधीच वाचून पाठ केलेलं असे. हॉलमध्ये त्या नकाशाप्रमाणे खुर्च्या मांडायला लावायच्या. खुर्च्या म्हणजे डोंगर. केबिनपुढची सतरंजी म्हणजे धावपट्टी. मग डोळे मिटून म्हणायच्या, “उतरव मला.”

ज्यानं पान केलं त्यानं हातात ई-रीडर धरून, फक्त त्यावर जे दिसतं तेवढंच वाचून, त्यांना सांगायचं. सरळ. आता डावीकडे. थोडं खाली. मॅडम सांगितल्याप्रमाणे पावलं टाकत. बोट चुकीच्या पानावर गेलं, की डोंगराचा ठिपका गाळला, की त्या खुर्चीला धडकत. डोळे उघडत आणि शांतपणे सांगत, “मेले. उदबत्ती लावा, माणसं मेली.”

मॅडमच्या टेबलाच्या खणात उदबत्तीचा पुडा असे. ज्याची चूक त्यानं ती लावायची आणि सगळ्या ऑफिसनं हात खाली सोडून उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, खाजवायचंही नाही. उदबत्ती अर्धी होईपर्यंत. त्या काळात मॅडम चूक करणाऱ्याच्या अगदी समोर उभ्या राहत आणि त्याच्या तोंडाकडे बघत. ओरडत कधीच नसत. ओरडल्या असत्या तर आम्हाला सोपं गेलं असतं.

माझ्या शेजारी गोपाळ बसायचा. त्याचे वडील गेले. तेरावं उरकून तो डोकं भादरलेला तसाच कामावर आला आणि पहिल्याच दिवशी त्याच्याकडून एक टेकडी राहून गेली. मॅडम धडकल्या. आम्हाला वाटलं, आज सोडतील. मॅडमनी पुडा त्याच्यापुढे धरला.

“तुझा सराव ताजा आहे,” त्या म्हणाल्या. “लाव.”

गोपाळनं लावली. तो काडी ओढत होता आणि मॅडम ते नीट लक्ष देऊन बघत होत्या. त्यानंतर गोपाळकडून फार दिवस एकही टेकडी राहिली नाही, हेही सांगून टाकतो. त्यांचा छळ फुकट जात नसे, हीच तर पंचाईत होती.

एकदा कुठल्याशा परदेशी माणसानं भैय्याजींना लिहिलं, की धुक्यात सापडलो होतो, तुमच्या पानांमुळे उतरलो, आभार. भैय्याजींनी ते छापून, चौकट करून भिंतीवर लावलं आणि सगळ्यांना दराबा, आमची बुऱ्हाणपुरी मिठाई, वाटली. मॅडमनी चौकट वाचली. “हा माणूस धुकं असताना निघालाच का?” त्यांनी विचारलं आणि दराब्याचा डबा परत केला. दुसऱ्या दिवशी चौकट भिंतीवर नव्हती. भैय्याजीसुद्धा त्यांना वचकून असत. एकदा खुश होऊन त्यांनी मॅडमना इंदूरहून मुंबईचं विमानाचं तिकीट देऊ केलं, कारण मॅडम जन्मात विमानात बसल्या नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, “नको. तिथले नकाशे कोणी तपासलेत, मला माहीत नाही.”

अशा माणसाच्या मागे लोक काहीतरी दुःख शोधतात. पोर गेलं असेल, नवरा मारत असेल, सासूनं जाळलं असेल. आम्हीही शोधलं. काही सापडलं नाही. मी एकदा भैय्याजींचा निरोप घेऊन त्यांच्या इतवाऱ्यातल्या घरी गेलो होतो. नवरा बँकेतून निवृत्त, हसतमुख, रोज संध्याकाळी स्कूटरवर त्यांना न्यायला येणारा. घरात मॅडम त्याच्या शर्टाचं बटण लावत बसल्या होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या. मला पाणी दिलं, बस म्हणाल्या, आईची चौकशी केली. म्हणजे बाईला गोडपणा येत होता. तो त्या आमच्यासाठी वापरत नसत, इतकंच. हे कळल्यावर माझा त्यांच्यावरचा राग वाढला, आणि तो आजही उतरलेला नाही.

वैशाली आली ती यानंतर. जवळच्या जसोंडी गावची. नवऱ्यानं टाकलेली, चौथीतल्या मुलीला घेऊन भावाच्या घरी राहणारी. भाऊ बरा होता, वहिनी नव्हती. मुलीनं दुसऱ्यांदा भात मागितला की वहिनी पातेल्याचं झाकण वाजवायची, असं वैशाली हसत हसत सांगायची. हसायची, पण दर महिन्याला सांगायची. तिचा हात फार छान होता. राखाडीतून डोंगर असा उठवायची की बोट लावून बघावंसं वाटे. आणि आवाज स्वच्छ. मॅडमना ती न धडकवता उतरवायची. मॅडमना हे फारसं आवडलं नाही. त्या तिच्या बोलण्याला धरायच्या, तिच्या रबरी चपलांना धरायच्या. “जसोंडीचं विमानतळ कुठे आहे गं?” असं सगळ्यांदेखत विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत थांबायच्या.

काम वाढलं. भैय्याजींनी जाहीर केलं की तपासणारी अजून एक व्यक्ती हवी. पगार चांगला, टेबल वेगळं. मॅडमनी निवडायचं. मॅडम म्हणाल्या, महिनाभर ज्याच्या नावानं एकही उदबत्ती लागणार नाही त्याला मी पास करीन.

वैशालीनं त्याच आठवड्यात इतवाऱ्यात एक खोली बघितली. एक खिडकी, आत नळ, आणि शाळा चालत जाण्यासारखी. खोलीवाले काका महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाले. मुलीला तिनं खिडकी दाखवून आणली होती. मुलीनं अंथरूण कुठे घालायचं ते ठरवूनही टाकलं.

त्या महिन्यात मॅडम एक नवीन गोष्ट करायला लागल्या. रोज सकाळी वैशालीला जवळ बसवायच्या आणि मूळ पानं मोठ्यानं वाचायला लावायच्या, झालेली पानंही, आणि बरीचशी तेवढ्यावरच पास करायच्या. उच्चार सुधारण्यासाठी, असं कारण होतं. आम्हाला वाटलं, चला, बाई तयार करतायत तिला. एका दुपारी वैशाली चहाचा ग्लास घेऊन जिन्यात माझ्याजवळ आली.

“एक सांगू? कोनाले बोलू नको,” ती म्हणाली. “मॅडमले दिसत नाही.”

“काय दिसत नाही?”

“बारीक फिकट अक्षर काहीच नाही. काल माझ्याकडून एक ओळ सुटली वाचताना. पान त्यांच्या समोर होतं. काहीच बोलल्या नाहीत. मग आज मी जानूनबुजून सोडली. आज पन नाही. मी वाचते अन् त्या ऐकून पास करतात.”

मला त्यांचे मिटलेले डोळे आठवले. डोळे मिटून तपासणाऱ्या बाईचे डोळे गेलेत हे कोणाला कळणार होतं?

“भैय्याजींना सांग ना मग.”

“सांगू? अन् मले पास कोन करीन? महिना संपू दे.” तिनं चहा संपवला आणि वर गेली.

मीही कोणाला सांगितलं नाही. मला मनातून मजा वाटत होती. जिच्यापुढे आम्ही हात सोडून उभे राहायचो ती आता जसोंडीच्या बाईच्या डोळ्यांनी बघत होती.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. वैशालीच्या नावावर एकही उदबत्ती नव्हती. ती नवी साडी नेसून आली होती. सकाळी तिनं नेहमीप्रमाणे मॅडमना पानं वाचून दाखवली आणि मॅडमनी ती पास केली. दुपारी तिचं शेवटचं पान होतं. कुठल्यातरी बेटावरचं विमानतळ, तीन बाजूंनी डोंगर. खुर्च्या लागल्या. भैय्याजीही केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मॅडम फिल्टरपाशी गेल्या आणि डोळे मिटले.

“उतरव मला.”

वैशालीनं उतरवलं. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. सतरंजी अगदी समोर होती. ती म्हणाली, “आता डावीकडे एक पाऊल, मग सरळ.” मॅडम डावीकडे एक पाऊल गेल्या. आणि मग, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, डावीकडेच आणखी एक पाऊल गेल्या. खुर्चीला गुडघा लागला.

“मेले,” मॅडम म्हणाल्या.

गोपाळला राहवलं नाही. “मॅडम, एक मिनट, तुम्ही एक पाऊल जास्त...”

“मेलेली माणसं वाद घालत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “उदबत्ती लावा.”

त्यांनी असं का केलं हे कळायला मला वेळ लागला नाही. वैशाली तपासनीस झाली असती तर वेगळ्या टेबलावर बसली असती. मग मॅडमना वाचून कोणी दाखवलं असतं? त्यांना ती आपल्या खुर्चीशेजारी, हाताखाली हवी होती. कायमची.

वैशालीला हे माझ्या आधी कळलं असावं. ती रडली नाही. तिनं खण उघडला, उदबत्ती लावली, आम्ही उभे राहिलो. मॅडम सवयीप्रमाणे तिच्या समोर येऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काय दिसत होतं कोण जाणे. उदबत्ती अर्धी झाली. वैशालीनं टेबलावरचा दुसरा ई-रीडर उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

“मॅडम, हे सकाळी तुम्ही पास केलेलं पान. कोपऱ्यातली तारीख वाचता का जरा?”

मॅडमनी पान धरलं. आधी दूर, मग जवळ, मग तिरकं. मग त्यांनी ठामपणे नव्या महिन्याची तारीख सांगितली.

“जुनी आहे,” वैशाली म्हणाली. “मागच्या महिन्याचं पान आहे. नवीन पानात धावपट्टीच्या बाजूले टॉवर आहे, ह्याच्यात नाही. तुमाले दिसत नाही, मॅडम. महिनाभरापासून दिसत नाही. भैय्याजी, तुमी बघा.”

पान गोपाळनं केलेलं होतं. पण त्या क्षणी त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. भैय्याजींनी ई-रीडर घेतला, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

“टॉवर नाही,” ते हळूच म्हणाले. “मॅडम, ये क्या है? आज संध्याकाळी ही फाइल जाणार होती.”

वैशालीनं दुसरी उदबत्ती काढली, लावली, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “उभे राहा सगळे.”

आम्ही उभेच होतो. पण आम्ही हात खाली सोडले. खरं सांगतो, आनंदानं सोडले. गोपाळनं तर मान खाली घालून हसू दाबलं. इतक्या वर्षांनी मॅडमची पाळी आली होती, आणि मॅडम त्या शिस्तीत सगळ्यात ताठ उभ्या होत्या. अर्धी होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग भैय्याजींकडे तोंड करून बोलल्या.

“मला दिसत नाही. खरं आहे. दोन महिन्यांपासून डोळ्यांपुढे मधोमध डाग आहे, डॉक्टर म्हणतात आता जाणार नाही. हा माझा गुन्हा, मी आजच जाते. पण हे पान सकाळी मला हिनं वाचून दाखवलं. मी तारीख विचारली. हिनं नवी तारीख सांगितली. विचारा तिला.”

भैय्याजींनी वैशालीकडे बघितलं.

“तिला जुनी तारीख दिसत होती,” मॅडम पुढे म्हणाल्या. आवाज शाळेत धडा सांगावा तसा. “टॉवर नाही हेही दिसत होतं. तरी तिनं ते पान माझ्या हातून पास करून घेतलं आणि दुपारपर्यंत जपून ठेवलं. मी आंधळी आहे. ती नाही. आता तपासायला तुम्ही हिला बसवणार असाल तर खुशाल बसवा.”

“वैशालीताई?” भैय्याजी म्हणाले.

खोटं बोलायला तिला एक क्षण मिळाला होता. तिनं तो घेतला नाही.

“हो. दिसलं होतं,” ती म्हणाली. “मले वाटलंच होतं ह्या मले पास करनार नाहीत. म्हनून ठेवलं. फाइल जाऊ दिली नसती मी. संध्याकाळच्या आत सांगितलंच असतं.”

“और आज मॅडमनी पास केलं असतं तर?” भैय्याजींनी विचारलं. “तर सांगितलं असतंत?”

वैशालीनं उदबत्तीचा पुडा खणात ठेवला आणि खण लावला. भैय्याजींनी ई-रीडर बंद केला. मग म्हणाले, “दोघी उद्यापासून येऊ नका. हिशोब घरी पोचवतो.” आणि केबिनचं दार लावून घेतलं.

आपलं गुपित स्वतःच्या तोंडानं सांगून मॅडमनी तिला सोबत खाली ओढलं होतं. त्यांच्या तोंडावर मला समाधान दिसलं. मी ते कधी विसरणार नाही.

दोघी एकाच वेळी निघाल्या. वैशाली पुढे, मॅडम मागे. माझं टेबल जिन्याच्या तोंडाशीच होतं, म्हणून मला सगळं दिसलं. वैशाली दोन पायऱ्या उतरली असेल. मॅडम वरच्या पायरीवर थांबल्या.

“वैशाली, अंधार आहे. हात दे,” त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

वैशाली वळली. त्या हाताकडे बघितलं. मग तिथेच उभी राहून तिनं पिशवीतून फोन काढला आणि लावला.

“काका, मी वैशाली बोलू राह्यली, जसोंडीची. खोली दुसऱ्याले देऊन टाका... नाही, नाही जमत आता... नाही, पुढच्या महिन्यात पन नाही. पोरीले मी समजावते.”

मॅडमचा हात तसाच पुढे होता. त्यांनी ते सगळं ऐकलं. फोन पिशवीत टाकून वैशाली भराभर उतरून गेली. मॅडमनी हात मागे घेतला आणि त्या भिंत चाचपत एकेक पायरी उतरू लागल्या. कोणी उठलं नाही. मी उठायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

मी खिडकीपाशी गेलो तो फक्त बघायला. मॅडम खाली कापडदुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या, पाठ ताठ, मांडीवर पर्स. नवरा न्यायला संध्याकाळी यायचा आणि अजून ऊन डोक्यावर होतं. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर त्यांच्या समोर, वैशाली जसोंडीच्या गाडीची वाट बघत होती. ती मॅडमकडे एकटक बघत होती. मॅडमचं तोंडही तिच्याकडेच होतं, पण त्यांना ती दिसत नव्हती. गाडी आली, वैशाली चढली, गाडी गेली. मॅडम त्या मोकळ्या जागेकडे तशाच बघत बसल्या होत्या.